शेंगेन व्हिसाचा विमा: तारखा नीट मोजा

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवास विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं. तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च, आजारपणात मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास त्यासंबंधीचा खर्च, हे सगळं त्यात यायला हवं. नुसतं ‘युरोप’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. पॉलिसी सगळ्या शेंगेन देशांत चालते, असं कागदावर स्पष्ट दिसू द्या.

खरी गफलत होते ती तारखांत. लोक हॉटेलात राहायचे दिवस मोजतात. पण शेंगेनमध्ये पाय ठेवल्यापासून तिथून बाहेर पडेपर्यंतचा प्रत्येक दिवस विम्यात हवा. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारीख पुढची धरा. शेवटी एक-दोन दिवस जास्तीचे घेतलेले बरे, विमानं काय आपल्या सोयीनं सुटत नाहीत. अनेक फेऱ्यांच्या व्हिसाला अर्जासोबत पहिल्या फेरीचा विमा पुरतो.

नाव पासपोर्टाप्रमाणेच, अक्षरन् अक्षर.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: व्हिसा नाकारला तर पॉलिसी रद्द करून पैसे परत मिळतात का, आणि त्यासाठी कोणते कागद लागतात? जुना आजार असेल तर तो लपवू नका; दावा नेमका तिथेच अडकतो.