केळी वाटली, फोटोही झाला: तरुण संघाच्या सेवेत या चुका टाळा

नाताळच्या आधीचा रविवार. नगरकडच्या आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ सहा डझन केळी घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. बायकांच्या वॉर्डात एका आजींच्या उशाशी आधीच अकरा केळी पडलेली. सकाळपासून दोन मंडळं आणि एका पुढाऱ्याचा वाढदिवस तिथून होऊन गेला होता. आजींना शुगर. तरी आम्ही बारावं केळं हातात दिलं, फोटो काढला, एक गीत म्हटलं आणि निघालो. दारात सिस्टरनं थांबवलं. "पुढच्या वेळी यायच्या आधी एक फोन करा ना. इथं खोबरेल तेल, साबण, कंगवे कमी पडतात. आणि पेशंटपाशी तासभर बसेल असं माणूस द्या, म्हणजे नातेवाईक आंघोळ तरी करून येतील."

त्या वर्षी संघाचा सेक्रेटरी मीच होतो, आणि केळी मीच ठरवली होती.

न विचारता मदत

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) सेवा करायला आला हे वचन आहे; तरुणांच्या मेळाव्यात ते हमखास बॅनरवर असतं. त्याच अध्यायात थोडं खाली बार्तीमय भेटतो. आंधळा आहे, रस्त्याकडेला बसून ओरडतोय, त्याला काय हवंय ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरीही येशू त्याला बोलावून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? वरचं वचन आपण पाठ केलं, खालचा प्रश्न मात्र कुणी बॅनरवर घेतला नाही.

यावर उपाय साधा आहे. कार्यक्रम ठरवायच्या आधी दोघांनी जाऊन यायचं, रिकाम्या हाताने. सिस्टर, वस्तीतल्या आशाताई, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, कुणालाही विचारा: काय लागतं, कधी यावं, काय आणू नये. तिसरा प्रश्न विसरू नका, सगळ्यात कामाची माहिती त्यातूनच मिळते. आम्ही पुढच्या खेपेला तेल-साबण नेला आणि चौघं दोन-दोन तास वॉर्डात बसले. फोटो काढण्याजोगं त्यात काहीच नव्हतं.

माईकला सात, सतरंजीला दोन

उपासनेत गिटार वाजवायला सात जण तयार असतात. उपासना संपल्यावर सतरंज्या झटकायला दोघंच उरतात, आणि दर रविवारी तीच दोघं. आमच्याकडे तर कित्येक वर्षं चहा मुलींकडे आणि साऊंड सिस्टिम मुलांकडे होती. तसं कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून ते मोडायलाही कुणी पुढं येत नव्हतं. शेवटी पाळ्या लिहून फळ्यावर लावल्या. पहिल्या रविवारी खुर्च्या उचलायला संघाचा अध्यक्ष, भांडी घासायला गिटारवाला. आठवडाभर कुरकुर झाली, मग सवय लागली. (एका आईनं मला नंतर विचारलं, "घरी ताट उचलायची पाळी कुठल्या फळ्यावर लावू?" खरी परीक्षा तिथंच असते, पण तिथं आमचं काही चालत नाही.)

कॅम्पला काही ठिकाणी पाय धुण्याचा कार्यक्रम ठेवतात. मुलं आधी नळावर जाऊन पाय चकाचक करून येतात आणि मग धुऊन घेतात! योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू शिष्यांचे पाय धुतो; ते पाय रस्त्याच्या धुळीचे होते. त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही होते. तो उठून बाहेर गेला तो त्यानंतर. हा कार्यक्रम करायचाच असेल तर त्या दिवशी कॅम्पचे संडास तरुणांनी धुवावेत, असं माझं मत आहे. पाळकसाहेबांना ते फारसं पटलेलं नाही.

पिशवीत गव्हाबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका

मदतीला अट चिकटवली की घेणाऱ्याला ती लगेच कळते. धान्य घ्या आणि रविवारी या, असं तोंडानं म्हणायचीही गरज पडत नाही. लूकमध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला. उरलेल्या नऊ जणांचा रोग काही येशूने त्यांना परत लावला नाही. तुम्ही हे का करता असं कुणी आपणहून विचारलं, तर मोकळेपणानं सांगा. नाही विचारलं तरी गहू तेवढाच द्या.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. पैशाचा हिशोब दोघांच्या सहीनं ठेवा आणि पावत्या जपा. अठराच्या आतली मुलं सोबत असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि कुठलंही मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर पाठवू नका. पोरं आपलीच आहेत म्हणून हे टाळलं की पुढं निस्तरता येत नाही.

घेणारा कायम घेणाराच

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला ठेवल्या. तिथं त्यांच्या हाताला काम दिलं. पुढे तिथल्याच त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात बायका-मुलीच खिळे जुळवत, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. आमच्या फुकट शिकवणीत मात्र वस्तीतली पोरं चार वर्षं नुसती शिकायलाच बसत होती. मग नववीतल्या एका मुलीकडे तिसरीचे पाढे सोपवले. ती आमच्या पदवीधरापेक्षा बरी निघाली, कारण पोरं कुठं अडतात ते तिला आठवत होतं.

याचंच दुसरं टोक म्हणजे स्वतः काहीच न घेणं. "माझे पाय तू धुवायचे नाहीस," असं येशूचा शिष्य पेत्रही त्याला म्हणालाच होता. आमची दोन मुलं दर शनिवारी एका एकट्या राहणाऱ्या मावशींचं पाणी भरतात. मावशी चहा टाकायच्या आणि ही दोघं "नको नको, आम्ही सेवेला आलोय" म्हणत दारातूनच पळायची. एका शनिवारी मावशींनी कडी लावून घेतली. उघडेचनात. आता दोघं आधी बसून चहा घेतात, मग हंडा उचलतात. त्यांच्याकडे जाताना महिन्यातून एकदा साखरेचा पुडा नेतात, आणि तो कुणी दिला हे मावशी विचारत नाहीत.