पॅनिक अटॅक: रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर होणाऱ्या चुका

जानेवारी २०१७. डोंबिवलीहून सकाळची फास्ट, लेडीज डबा. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाडी आत शिरली आणि काहीच कारण नसताना माझ्या छातीत धडधडायला लागलं. श्वास अपुरा पडतोय असं वाटलं म्हणून मी मोठमोठे श्वास घेऊ लागले. मग ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडून आत वळली, डब्यातली बडबड लांबून कुठून तरी ऐकू यायला लागली. बोगदा संपला, उजेड आला, पण धडधड वाढतच गेली. आपण आत्ता, या डब्यात मरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ठाण्याला दोन अनोळखी बायका स्वतःच्या कामाचा खाडा करून माझ्याबरोबर उतरल्या. रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत बरंचसं ओसरलं होतं.

इसीजीची पट्टी फाइलला लावत तिथले डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका."

यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसऱ्या वाक्याने माझे चौदा महिने खाल्ले. पॅनिक अटॅकवर चांगले, कसाला उतरलेले उपचार आहेत, पण रिपोर्ट नॉर्मल आला की बहुतेकांची वाट तिथेच तुटते. म्हणून हे लिहिते आहे.

"गॅस असेल, सोडा घे"

आधी उलट बाजूची चूक, कारण ती जिवावर बेतू शकते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर ते पॅनिक आहे की हृदयविकार, हे घरी बसून कोणीही ठरवू नये. छातीवर दडपण, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात उतरणं, जिना चढताना वाढणं, असं काही असेल तर थेट १०८ला फोन. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, एवढ्यावरही हृदयविकाराचा झटका असू शकतो. एका नॉर्मल इसीजीवर डॉक्टर थांबत नाहीत, काही तासांनी ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची) तपासणी पुन्हा करतात. त्या वेळी "मला बरं वाटतंय, घरी जाते" असा हट्ट धरू नका.

त्याच फेरीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी हुबेहूब अशीच धडधड आणि थरथर होते. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन तशीच एकदम थांबत असेल, तर तो हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, ते होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावायचं का ते बघतील. दम्याचा पंप, दिवसाला सात-आठ कप चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक, यांनीही छाती उडते. तेही सांगून टाका.

हे सगळं एकदा नीट झालं की मात्र थांबायचं. मी थांबले नाही. वर्षभरात तीन इसीजी, दोन टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एक टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढलेला इसीजी) केली. प्रत्येक रिपोर्टने मला आठवडाभर धीर दिला आणि मग "त्यांच्या नजरेतून काही सुटलं असेल तर?" हा किडा पुन्हा वळवळायला लागला. नवं लक्षण नसताना पुन्हा पुन्हा केलेली तपासणी हीच आजाराची खुराक बनते.

"काही नाही झालेलं तुला"

खूप काही झालेलं असतं. शरीराची धोक्याची घंटा खोटी वाजलेली असते, पण घंटेचा आवाज खराच असतो. रक्तात ॲड्रेनॅलिन येतं, हृदय जोरात पळतं, घाम फुटतो. त्यात आपण भराभर श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मुंग्या, गरगरणं, बोटं आखडणं ही सगळी त्याची करणी. आणि म्हणूनच डब्यातल्या बायका मायेने सांगत होत्या ते, "मोठा श्वास घे, अजून मोठा घे," हे नेमकं उलटं पडत होतं.

वैद्यकीय व्याख्येत अटॅकची तेरा लक्षणं दिली आहेत. धडधड, घाम, थरथर, धाप, गळा दाटणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात कढ किंवा थंडी भरणं, मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं वाटणं, ताबा सुटेल किंवा वेड लागेल ही भीती आणि मरणाची भीती. यातली चार किंवा जास्त लक्षणं एकदम उसळली आणि काही मिनिटांत टोकाला पोचली, तर तो पॅनिक अटॅक. झोपेतून दचकून उठवणारेही अटॅक असतात. आयुष्यात एखाद-दुसरा अटॅक पुष्कळांना येऊन जातो. तो आजार नव्हे. अवचित पुन्हा पुन्हा यायला लागले आणि नंतर महिनाभर किंवा जास्त "परत आला तर?" ही धास्ती राहिली, किंवा त्या धास्तीने रोजचं वागणं बदललं, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

हे आजकालचं फॅड आहे, पूर्वी कुठे होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना तपासून डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी १८७१ साली एक निबंध छापला. धडधड, छातीत कळा, धाप अशा तक्रारी, आणि हृदयात दोष काही सापडत नव्हता. त्यांनी त्याला 'इरिटेबल हार्ट' म्हटलं. त्यातली कितीतरी वर्णनं वाचताना मला पारसिकचा बोगदा आठवला.

अटॅक चालू असताना काय करायचं हे थोडक्यात. जिथे आहात तिथेच टेका, बसा. श्वास नाकाने, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सोडतानाचा लांब, घेतानाचा साधा. प्लॅस्टिकची किंवा कागदाची पिशवी तोंडाला लावू नका. तो दमा किंवा हृदयविकार निघाला तर त्यात जीव जाऊ शकतो. शरीराशी कुस्ती खेळू नका, लाट येऊन जाऊ द्या. टोक साधारण दहा मिनिटांत येतं आणि मग उतरण लागते. चक्कर येऊन पडू ही भीती सगळ्यांना असते, पण या वेळी रक्तदाब बहुधा थोडा चढलेला असतो आणि बेशुद्ध होण्यासाठी तो उतरावा लागतो, त्यामुळे सहसा कोणी पडत नाही.

सोबत असणाऱ्याने "मनावर घेऊ नकोस" म्हणू नये. मनावर घेतलेलं नसतंच, ते अंगावर आलेलं असतं. माझ्या सासूबाईंनी त्या संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्या मायेचा मला आजही आधार वाटतो. पण उपचार म्हणून मला खऱ्या कामाला आली ती माझ्या नणंदेची एक सवय. ती शेजारी बसायची आणि एवढंच म्हणायची, "मी इथेच आहे वहिनी. येईल आणि जाईल."

"सध्या ट्रेन नको, बघू नंतर"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती शहाणपणाच्या वेषात येते.

बोगद्यात झालं म्हणून मी फास्ट सोडली. स्लो लोकल बोगद्यातून जात नाही, मग स्लो. मग स्लोमध्येही दाराजवळच. मग पाण्याची बाटली असेल तरच. मग पर्समध्ये सॉर्बिट्रेट, जी डॉक्टरांनी मला कधी लिहून दिलीच नव्हती. सासऱ्यांच्या डब्यातली एक पट्टी मी काढून ठेवली होती. (ही गोळी रक्तदाब झपकन उतरवते. विनाकारण घेतली तर चक्कर येऊन खरंच पडाल.) मग दर स्टेशनला नवऱ्याला फोन. जूनमध्ये मी डोंबिवलीच्याच शाखेत बदली मागून घेतली. पगार तोच, प्रवास वाचला, म्हणून घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही. दिवाळीच्या खरेदीला मी ठाण्याला जाऊ शकले नाही. संक्रांतीपर्यंत बाजारात एकटी जाणं बंद झालं होतं.

टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं. तो सुटकेचा निःश्वास मेंदूला शिकवतो की तिथे खरंच धोका होता, बरं झालं गेलो नाही. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. बाटली, सोबत, दाराजवळची जागा, खिशातली गोळी या कुबड्याही तेच शिकवतात. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हे चक्र नेमकं मांडलं: शरीरातल्या साध्या हालचालीचा अर्थ माणूस "संकट आलं" असा लावतो, त्याने भीती वाढते, भीतीने लक्षणं वाढतात, आणि वाढलेली लक्षणं बघून खात्रीच पटते. उपचार हे चक्र तोडतात. घरच्यांनी "नको जाऊस, मी आणून देतो" म्हणत ते वंगण घालून फिरतं ठेवू नये.

"तेवढी अर्धी गोळी द्या ना"

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. कोणाच्या तरी मावशीला लागू पडलेली, मेडिकलवाल्याच्या ओळखीने मिळणारी. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. त्याला कारण आहे. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं हे खरं, पण रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीर त्यांना सरावतं, अर्धीची एक होते, आणि मग अचानक बंद केली तर घबराट दुपटीने उसळते, कधी फिट्सही येतात. मानसोपचारतज्ज्ञ ती थोड्या दिवसांसाठी, हिशोबाने देतात. तुम्ही आधीपासून घेत असाल तर आज हे वाचून एकदम सोडू नका. डॉक्टरांकडूनच हळूहळू उतरवून घ्या. दारूचंही तसंच. रात्री दोन पेग घेतले की झोप लागते, आणि ते उतरताना पहाटे धडधड घेऊन जाग येते.

मुख्य औषधं वेगळी असतात: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या जातीची. त्यांच्या बाबतीत होणारी चूक मी स्वतः केली. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा वाढला, म्हणून पाचव्या दिवशी मीच गोळी बंद करून टाकली. असं होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. म्हणून डोस अगदी कमी ठेवून सुरुवात करतात. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं, आणि थांबवताना टप्प्याटप्प्याने उतरवावं लागतं. या औषधांची चटक लागत नाही, पण एकदम तोडली तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असा त्रास होतो. दिवस गेले असतील किंवा दुसरी औषधं चालू असतील तर आधी सांगा. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या मनात जीव द्यावासा वाटण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

सहा-आठ आठवडे नीट गोळ्या घेऊनही फरक नसेल तर डॉक्टर बदलण्याआधी हे तपासा: गोळ्या चुकल्या का, डोस वाढवायचा राहिला का, टाळणं अजून चालूच आहे का, दारू किंवा कॉफी मध्ये येते का, सोबत नैराश्य आहे का. माझ्या बाबतीत टाळणं चालू होतं.

कोणाकडे जायचं

गोळ्या लिहून देणारे ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी सायकियाट्री झालेले डॉक्टर. विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार, ज्याला सीबीटी म्हणतात, तो सहसा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. नुसत्या गप्पा मारून बरं वाटतं, पण पॅनिकसाठी विचारून घ्या: "तुम्ही सीबीटी करता का? एक्स्पोजर करून घेता का?" (एक्स्पोजर म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जाणं.) कोणाकडे जावं हेच कळत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे स्वतंत्र विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे रांगेत तुमच्या-आमच्यासारखीच नोकरदार, शिकणारी, संसारी माणसं असतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे, पण ओपीडीचा खर्च पॉलिसीत आहे का ते आधी विचारा.

पहिल्या भेटीला कागदावर लिहून न्या: पहिला अटॅक कधी, आठवड्यात किती, किती मिनिटं, काय काय टाळता, कोणत्या गोळ्या घेता. समोर बसल्यावर रडू येतं आणि निम्मं राहून जातं.

माझ्या ताईंनी, म्हणजे थेरपिस्टनी, तिसऱ्या भेटीत मला चाकाच्या खुर्चीत बसवून मिनिटभर गोल फिरवलं. मग सरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला. चक्कर, धाप, धडधड सगळं आलं, आणि मी बसलेली होते ती तशीच बसलेली राहिले. (हे व्यायाम हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय करू नका.) मग आम्ही पायऱ्या लिहिल्या. स्लो लोकलने कोपरपर्यंत, नणंदेबरोबर. कोपरपर्यंत एकटी. दिव्यापर्यंत. मुंब्रा. ठाणे. मग बाटली घरी ठेवून ठाणे. प्रत्येक पायरी तीन-चार वेळा, भीती निम्म्यावर येईपर्यंत डब्यातून उतरायचं नाही. कोपर ते दिवा मला दोन आठवडे अडले, मुंब्र्यानंतर भराभर सरकलं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये फास्ट पकडली. बोगद्यात धडधड झाली. डब्यात कोणीतरी मटार सोलत होतं, हिरव्या शेंगांचा वास येत होता. मी चार मोजून श्वास घेतला, सहा मोजून सोडला. गाडी उजेडात आली तरी धडधड चालूच होती, ती कळव्याच्या खाडीवर कमी झाली. ठाणं आलं. मी उतरले नाही, कुर्ल्यापर्यंत गेले.