‘फास्ट’चे अर्थ कसे धरावेत

संकष्टीच्या संध्याकाळी दादरला गाडीची वाट बघत होतो. इंडिकेटरवर कल्याणशेजारी ‘एफ’ लागला आणि आठवीतली भाची म्हणाली, “मावशी, तुझा आज फास्ट, आणि ही गाडीपण फास्ट. म्हणजे हिचाही उपास?” मी हसले. पण तसं बघितलं तर खोटं काय होतं? माटुंगा नाही, शीव नाही, विद्याविहार नाही; मधलं काही तोंडातसुद्धा घालत नाही ही गाडी.

‘फास्ट’चे अर्थ पाठ करायला बसलात तर वैतागाल. मी तिला ज्या क्रमाने समजावलं, तोच इथे सांगते.

आधी वेग विसरा. जुन्या इंग्रजीत हा शब्द घट्ट, पक्का, जागचा न हलणारा अशा अर्थाचा होता. वेगाचा अर्थ नंतर चिकटला. ‘होल्ड फास्ट’ म्हणजे घट्ट धरून राहा. ‘स्टक फास्ट’ म्हणजे पार रुतलेलं. ‘फास्ट फ्रेंड्स’ म्हणजे झटपट जुळलेले नव्हे, जिवाभावाचे मित्र. सीटबेल्ट लावायचं ‘फासन’ याच घरातलं. त्यातला ‘ट’ लिहायचा, पण बोलायचा नाही.

मग आपलं ‘धरणं-सोडणं’ लावून बघा. ही किल्ली बहुतेक कुलपांना लागते. उपास आपण धरतो आणि सोडतो. इंग्रजीतला उपासाचा ‘फास्ट’ही नेम घट्ट धरण्यातूनच आलेला आहे. रात्रभराचा तो उपास सकाळी मोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट.

कापडाचंही तेच: रंग धरतं किंवा सोडतं. दादरच्याच एका दुकानात लाल ओढणी घेताना “एकदम फास्ट कलर, ताई” असं छातीठोक सांगितलं होतं. घरी बादलीत टाकली, दहा मिनिटांत पाणी जास्वंदीसारखं, आणि सोबत भिजवलेला यांचा पांढरा शर्ट गुलाबी. तेव्हापासून पांढरा रुमाल ओला करून कापडाच्या आतल्या कडेला घासून बघते. रुमालावर डाग आला की दुकानदाराचा ‘फास्ट’ वेगाच्या अर्थाचा होता असं समजायचं.

हा रंगाचा अर्थ दवाखान्यातही भेटतो. थुंकीच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘एएफबी’ असतं, म्हणजे ॲसिड फास्ट बॅसिलाय. शेजारच्या काकांना वाटलं, ॲसिडिटी झपाट्याने वाढतेय. ते गोळी आणायला निघाले होते! खरं म्हणजे टीबीचे जंतू लाल रंगाने रंगवून ॲसिडने धुतले तरी रंग सोडत नाहीत, म्हणून ते ‘ॲसिड फास्ट’. माझ्या ओढणीपेक्षा इमानदार.

आता वेगाकडे. घट्टवरून जलद कसं झालं? उत्तर आपल्या ‘जोरात’मध्ये आहे. दोरी जोरात बांध, आणि जोरात पळ. जोर तोच, एकदा गाठीत, एकदा पायात. ‘रन फास्ट’ही असंच जोर लावून पळण्यातून आलं. आणि ‘फास्टली’ कधी लिहू नका, क्रियेलाही ‘फास्ट’च चालतं.

पुढे शब्दाची जागा तपासा. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. मुलं तेच फिरवून ‘ही स्लेप्ट फास्ट’ लिहितात, ते चुकतं. तिथे ‘साउंडली’ घाला. घड्याळ ‘फाइव्ह मिनिट्स फास्ट’ असेल तर ते पाच मिनिटं पुढे आहे. आमच्या घरातली सगळी घड्याळं मुद्दाम पुढे आहेत, आणि ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे गाडी चुकायची ती चुकतेच.

वाक्प्रचार मात्र अख्खेच उचलावे लागतात. ‘हार्ड अँड फास्ट’ हे किनाऱ्यावर रुतून बसलेल्या जहाजाचं वर्णन; म्हणून ‘हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणजे जराही न हलणारा नियम. सोसायटीच्या मीटिंगमध्ये “हार्ड अँड फास्ट काही नाही” हे वाक्य पार्किंगचा विषय निघाला की हमखास येतं. तक्रारी ‘थिक अँड फास्ट’ आल्या म्हणजे धडाधड आल्या. ‘पुल अ फास्ट वन’ म्हणजे टोपी घालणे. ‘फास्ट अँड लूज’ला आपली ‘धरसोड’ जवळची वाटते, पण पुरती नाही, कारण त्यात लबाडीही आहे. मूळ खेळच फसवणुकीचा: पट्ट्याची गुंडाळी, त्यात खुपसलेली काडी, पट्टा अडकेल की सुटेल यावर पैज, आणि खेळवणारा तो हमखास सुटा करायचा. माणसाला ‘फास्ट’ म्हणताना जपून. “फारच फास्ट आहे हं ती” यात आपल्याकडे जी भुवई उंचावते, ती पूर्वी इंग्रजीतही उंचावायची.

शेवटी भाचीची परीक्षा घेतली. भाऊच्या धक्क्यावर कोणी म्हणालं, ‘द बोट इज फास्ट’, तर काय समजशील?

तिने विचार केला. “कोण म्हणालं त्यावर आहे. पॅसेंजर म्हणाला तर लवकर पोचेल. खलाशी म्हणाला तर दोरीने बांधलीय, अजून हलायचीच नाही.”