लांबच्या मोटरसायकल प्रवासाआधी: कुठे काय झिजतं ते बघून घ्या

निघायच्या निदान तीन आठवडे आधी अंगावर घालायचं आणि गाडीवर बांधायचं सगळं सामान जमिनीवर मांडा. उसवलेली शिवण घालून घ्यायला, झिप बदलायला आणि नवा बूट पायात मुरायला एवढा वेळ लागतोच. वस्तू नवी आहे की जुनी, यापेक्षा ती कुठे घासते हे बघा. रोज आठ-दहा तास तीच बैठक, तोच हात, तोच पाय, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी होत नाही, ठरावीक चार-सहा जागीच होत राहते. त्या जागा हाताने चाचपून बघायच्या, नुसत्या डोळ्यांनी नाही.

सुरुवात हेल्मेटपासून. आतला फोम दाबून सैल झालाय का बघा. हनुवटीचा पट्टा लावा आणि हेल्मेट मागून पुढे ढकलून बघा, डोक्यावरून निघून येत असेल तर ते तुमच्या कामाचं राहिलेलं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, बदला. धक्का शोषणारा थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. न आपटलेलंही साधारण ५ वर्षांनी बदलावं, असं बहुतेक उत्पादक सांगतात. व्हायझरवरचे बारीक ओरखडे दिवसा जाणवत नाहीत. रात्री समोरून दिवे आले की प्रत्येक ओरखडा पेटतो आणि रस्ता दिसेनासा होतो. म्हणून व्हायझर रात्रीच तपासा. पुसताना आधी ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, चिकटलेले किडे मऊ होऊ द्या, मग पुसा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावू नका.

बुटांवर मात्र जास्त वेळ घालवा, कारण माझा सगळ्यात वाईट अनुभव बुटांचाच आहे. चांगले, जेमतेम वापरलेले बूट कपाटात काही वर्षं पडून होते. दिसायला नवेकोरे, म्हणून तसेच घालून निघालो. चौथ्या दिवशी पावसात सिग्नलला पाय टेकवला आणि डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. पॉलियुरेथेनचे (फोमसारख्या प्लॅस्टिकचे) तळ हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतात आणि वापर नसला तरी कुजतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन केबल टाय आवळून उरलेला दिवस काढला. प्रत्येक गियर टाकताना टाय लिव्हरला अडकत होता आणि माझं अर्धं लक्ष रस्त्याऐवजी पायाकडे होतं. तेव्हापासून बूट दोन्ही हातांनी चांगला वाकवून बघतो. तळ आणि वरचं चामडं यांच्यात नख शिरत असेल, किंवा तळाचा भुगा बोटाला लागत असेल, तर तो बूट नेत नाही. डाव्या बुटाच्या चवड्यावर, जिथे गियर लिव्हर घासतो, तिथला टाका आधी जातो. त्यावर चामड्याचा किंवा रबराचा तुकडा शिवून घ्या.

हातमोजे उजेडासमोर धरा. उजव्या तळव्यावर आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात शिवणीतून उजेड दिसला तर दुसरी जोडी घ्या. जॅकेट घालून गाडीवर बसा, हात हँडलला लावा. कोपराचं पॅड कोपरावरून सरकत असेल तर पडल्यावर ते तिथे नसणारच. पॅडवर ईएन १६२१ (धक्का झेलणाऱ्या पॅडचं युरोपीय मानक) असा शिक्का आहे का, तेही बघा. झिपचे दात धरत नसतील तर बहुतेक वेळा रनर फाकलेला असतो. पकडीने तो दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, मग दातांवर मेणबत्ती घासा. वर्षभर चालते.

पावसाळी पँट उभं राहून तपासण्यात अर्थ नाही. बसल्यावर मांडीत पाणी साचतं आणि गळती जांघेच्या शिवणीतूनच सुरू होते. पँट घालून शॉवरखाली स्टुलावर पंधरा मिनिटं बसा. आतल्या शिवणीवरची पट्टी सुटत असेल तर सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा गोंद) लावून पूर्ण दिवस वाळू द्या.

सामान पूर्ण भरून, बांधून, शंभर-दोनशे किलोमीटरची एक फेरी माराच. परत आल्यावर सगळं सोडा आणि बॅगांची मागची बाजू बघा. जिथे चकाकी आली आहे तिथे पुढे भोक पडणार. सायलेन्सरजवळचं कापड हात लावून बघा. कडक झालं असेल तर ते वितळायला लागलंय, बॅग वर घ्या. अॅल्युमिनियमच्या पेटीत मोकळं सामान ठेवलं की ते थरथरून पेटीला घासतं आणि राखाडी पूड कपड्यांना लागते. डबे, हत्यारं कापडात गुंडाळा. नायलॉनचे पट्टे भिजले की ताणले जातात, म्हणून पाऊस थांबल्यावर पुन्हा आवळा. पॉलिस्टरचे घेतलेत तर हा त्रास कमी. पट्ट्याची मोकळी टोकं दुमडून बांधलीच पाहिजेत. चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलेला पट्टा चाक जाम करतो, इथे आळस नको.

फोन हँडलला थेट लावत असाल तर मध्ये थरथर शोषणारा माउंट घाला. मोटरसायकलच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण (फोटो हलू नये म्हणून आत असलेली यंत्रणा) बिघडू शकतं, असं अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं.

गाडीची तपासणी वेगळी, पण क्लचची नवी केबल जुनीच्या बाजूनेच ओवून टाय लावून ठेवा. तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची राहतात.

दुरुस्तीच्या पिशवीत जाड सुई आणि दात साफ करायचा मेणाचा धागा, तो शिवायच्या दोऱ्यापेक्षा चिवट असतो. बाटलीला गुंडाळलेली डक्ट टेप, केबल टाय, जुन्या ट्यूबचे कापलेले रबर, न फोडलेली गोंदाची ट्यूब. फोडलेली वाटेत वाळते. आणि रोज संध्याकाळी, अंग टाकायच्या आधी, हाताने एवढ्या जागा चाचपा: डावा चवडा, उजवा तळवा, बॅगांचे खालचे कोपरे, पट्ट्यांची बकलं. बूट काढल्या काढल्या वाकवून बघा, ओला असेल तर आत कागद कोंबा आणि शेकोटी-हीटरपासून लांब ठेवा.