पहिल्या शंभर किलोमीटरला निघताय? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की मला फोन सुरू होतात. "काका, सायकल घेतली. येत्या रविवारी पाचगणी करायचं म्हणतोय." कधी घेतली? मागच्या मंगळवारी. चालवली किती? घर ते खडकवासला, एकदा. त्यातही परतताना बायको गाडी घेऊन आली होती.

पुणे ते पाचगणी म्हणजे शंभरेक किलोमीटर. वाटेत कात्रज, मग खंबाटकी आणि सगळा दम संपल्यावर पसरणी, असे तीन घाट. धडधाकट माणसाला हे जमतं, पण सहा-आठ आठवड्यांनी. दर रविवारी दहा-दहा किलोमीटर वाढवत न्या, एकदा सत्तरच्या पुढे जाऊन या आणि शेवटचा आठवडा गप्प बसा. एवढं सांगितलं की समोरचा हिरमुसतो. तीस किलोमीटर झाले की लोक थेट 200 च्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या 200 किलोमीटरच्या राइडचा, फॉर्म भरून मोकळे होतात. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा, त्यात काय एवढं! त्या हिशोबात पंक्चर, चहा, ऊन आणि समोरचा वारा धरलेला नसतो.

इतकी वर्षं नवख्यांबरोबर जातोय. निव्वळ पाय संपले म्हणून परत फिरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांना टेम्पोत घातलं ते ट्यूबने, पोटाने आणि बुडाने.

ट्यूब बदलली, काटा तसाच

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

गेल्या हिवाळ्यात भाचा बरोबर होता. नवी कोरी रोड सायकल, बोटभर रुंदीचे टायर. कापूरहोळच्या पुढे मागचं चाक बसलं. "मामा, तू उभा राहा नुसता, सात मिनिटांत बदलतो," म्हणाला. व्हिडिओ बघून घोटून आला होता. खरोखर सात मिनिटांत बदलली. मीही मोठ्या कौतुकाने बघत उभा राहिलो, ही माझी चूक. सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडतोय तोवर चाक पुन्हा बसलं. दुसरी ट्यूब घातली, या वेळी सहा मिनिटांत. शिरवळ दिसायला लागलं आणि तिसऱ्यांदा फुस्स. त्याच्या ट्यूब संपल्या होत्या, माझी एक उरली होती आणि खंबाटकी अजून पुढे होता.

रस्त्याकडेला ट्रकचे टायर काढणारे एक चाचा बसले होते. त्यांनी ट्यूबकडे बघितलंसुद्धा नाही. टायर उलटा केला, फाटक्या बनियनचा बोळा घेतला आणि आतून गोल फिरवला. एका जागी बोळा अडला. तिथे बोटाने चाचपलं तरी काही लागेना. टायर वाकवला तेव्हा केसाएवढी बारीक तार आत डोकावली. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार. हायवेच्या कडेला, म्हणजे आपण जिथून सायकल चालवतो नेमकं तिथे, असे तुकडे पडलेले असतात. ही तार चाक मोकळं असताना लपते आणि वजन पडलं की टोचते. चाचांनी पक्कड लावून ती ओढून काढली, भाच्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आधी चोर पकडायचा, मग कुलूप बदलायचं."

हवा मात्र आम्हालाच भरावी लागली. आमचा व्हॉल्व्ह बारका, त्यांच्या नळीत बसेना. हातपंपाने आळीपाळीने दीडशे-दोनशे दट्टे मारले.

तेव्हापासून माझा नेम असा. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर वर आणून ठेवायचं. पंक्चर झालं की ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधायचं, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं आणि टायरवर त्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, चोर शोधायचा. मग सगळा टायर आतून कापडाने पुसायचा. बोट फिरवू नका, कापेल. भुवया कोरायचा एक चिमटा सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवायचा, बाभळीच्या काट्याला त्याच्यासारखं हत्यार नाही. बारक्या व्हॉल्व्हवर चढणारा पितळी अडॅप्टरही ठेवायचा. तो असला तरी ट्रकच्या कॉम्प्रेसरवर जीव टाकू नका, त्या झोताने ट्यूब क्षणात फुटते.

आणि हे सगळं घरी, पंख्याखाली, निदान तीनदा करून बघा. मागचं चाक काढून. पुढचं कोणीही काढतं.

भूक लागल्यावर खाणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे दुसऱ्याला बोलायचा हक्क कमावलाय. पहिल्यांदा पाचगणीला गेलो तेव्हा पहाटे नुसता चहा घेऊन निघालो. अंग हलकं होतं, कात्रजचा जुना घाट भर्रकन चढलो, मित्रांना मागे टाकलं. शिरवळला मिसळ, वर एक्स्ट्रा तर्री. सुरूर फाट्यावरून आत वळलो तोवर ती तर्री घशाशी आली होती, म्हणून वाईत काहीच खाल्लं नाही. ढोल्या गणपतीला लांबूनच नमस्कार केला आणि पसरणीला लागलो. निम्म्या घाटात काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पायांत गोळे नव्हते, धापही नव्हती. हात थरथरत होते आणि समोरचा गिअर कोणत्या बाजूने पाडायचा ते आठवेना. सायकल कठड्याला टेकवून बसलो. एका गाडीतल्या आजींनी थांबून विचारलं, "बाळा, जेवलास का?" तेव्हा मी पस्तिशीचा होतो. त्यांनी हातावर दोन पेढे ठेवले. पंधरा मिनिटांनी मला गिअर आठवला.

अंगातली साखर अशा दामटण्यात दीड-दोन तासांत तळाला जाते. भूक लागते ती त्यानंतर, आणि तेव्हा खाल्लेलं लगेच उपयोगी पडत नाही. म्हणून मी फोनला दर अर्ध्या तासाचा गजर लावतो. गजर झाला की खायचं, इच्छा असो वा नसो. दोन खजूर, नाहीतर चिक्कीचा तुकडा, नाहीतर अर्धं केळं. महागडी एनर्जी जेल हवी असतील तर आधीच्या रविवारी खाऊन बघा. पोटाने ती नाकारली तर निदान घराजवळ नाकारलेली बरी. मिसळ परतीच्या वाटेवर, हवी तेवढी.

पाण्याचंही तसंच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट करून. दोन बाटल्या ठेवा, एक साधी, एक ओआरएसची. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असतं हो! ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करून वर "मळमळतंय" म्हणणारे मला दर मोसमात भेटतात. पाकिटाची मागची बाजू वाचायला किती वेळ लागतो?

बूड आणि गुडघे

पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नाही. लाजू नका, शिवण साठ किलोमीटरनंतर सुरीसारखी लागते.

आदल्या रात्री काही बदलायचं नाही. सीट नाही, बूट नाही, हँडलची टेपसुद्धा नाही.

सीटची उंची मात्र महिनाभर आधी बघा. टाच पेडलवर, पेडल पार खाली, पाय सरळ. मग पंजा पेडलवर घेतला की गुडघ्याला जरासा बाक राहतो. नवखे लोक थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघ्याची वाटी दुखते म्हणून डॉक्टरकडे जातात. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर आधी सीट खाली आहे का बघा, मागे असेल तर वर आहे का. दोन-तीन मिलिमीटरच हलवायची, आणि जुन्या जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवून.

उरलेलं पटापट

घाटात गिअर चढ लागायच्या आधी पाडा. पूर्ण ताकद लावून पाडाल तर चेन उतरेल. टायरमध्ये किती हवा भरायची ते टायरवरच लिहिलेलं असतं, मित्राला विचारू नका. कानात इअरफोन नको. खंबाटकीच्या बोगद्यातून परत येणार असाल तर मागचा लाल दिवा दिवसाही लावा. पहाटे साडेचारला ठरलं असेल तर साडेचारलाच या, पावणेसहाला "ट्रॅफिक होतं" सांगत येऊ नका.

आणि पसरणी उतरताना. वर पोचल्याच्या आनंदात लोक ब्रेक आवळून धरूनच वाईपर्यंत येतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिम भयंकर तापतं आणि ट्यूब फुटू शकते. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही हातांनी, दाबा-सोडा, दाबा-सोडा. वळणात शक्यतो नाहीच. मध्ये एकदा थांबा, माकडं बघा, रिम निवू द्या. निवलं का हे बघायला हात लावू नका. मी लावला होता.