नेलगन चालवताना आधी चापावरचं बोट बघा

लातूर असो की नांदेड, प्लायच्या अन् फर्निचरच्या कामावर आता हातोडीशेजारी कंप्रेसर आणि त्याच्या हवेच्या दाबाने खिळे मारणारी नेलगन असतेच. नवी पोरं दोन दिवसांत ती चालवायला शिकतात. पण गन कोणत्या जातीची आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

एका जातीत चाप दाबून धरला की गनचं तोंड जितक्यांदा टेकेल तितक्यांदा खिळा सुटतो. दुसरीत आधी तोंड टेकवायचं, मगच चाप. पुढच्या खिळ्याला दोन्ही सोडून तोच क्रम. तपासायला निकामी जाड फळी जमिनीवर ठेवा, आसपास कुणी नको. चाप आधी दाबा, मग तोंड टेकवा. खिळा सुटला तर गन पहिल्या जातीची. अमेरिकेतल्या शिकाऊ सुतारांच्या अभ्यासात हिच्यामुळे इजेचा धोका दुसरीच्या सुमारे दुप्पट आढळला. कारण सोपं आहे: गन झटक्याने उसळते, परत लाकडाला किंवा हाताला टेकते, आणि बोट चापावरच असतं. मुकादमांनो, नवख्याच्या हातात दुसरीच द्या. काही छोट्या पिनगनना तोंडाशी टेकल्यावर दबणारी दट्टी नसतेच. तिथं तर फक्त बोटाचाच भरवसा.

मग काम असं करा. खिळा मारायचा नसेल तेव्हा बोट चापाबाहेर. लाकूड धरलेला हात गनच्या तोंडापासून किमान 30 सेंटिमीटर लांब, शक्यतो लाकूडच शिकंजात आवळा. लाकडाला गाठ असेल तर जागा बदला, गाठीवर खिळा वळून बाजूने निघतो. प्लायच्या पलीकडे कुणी उभं नाही ना, बघा. खिळा अडकला तर आधी हवेचा पाइप काढा, मगच तोंड उघडा. सेफ्टी चष्मा आणि बूट उन्हाळ्यातही, चप्पल चालणार नाही.

एवढं करूनही खिळा घुसलाच, तर पक्कड उचलू नका. आमच्या साइटवर एकाने बोटातला खिळा स्वतःच ओढला आणि रक्त आवरेना. खिळ्याला चिकटलेला डिंक, प्लॅस्टिकचे तुकडे आत राहतात, शीर किंवा हाडही दुखावलेलं असू शकतं. खिळा तसाच ठेवून भोवती स्वच्छ कापड बसवा, हात हलू देऊ नका, सूज यायच्या आत अंगठी काढा. 108 ला फोन करा. दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा, आणि तसाच एक न वापरलेला खिळा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.