बाहेर गडबड सुरू व्हायच्या आधी घरच्या पैशांचं पुरुमेंत कसं भरायचं

एप्रिल-मे आला की आपल्या गोव्यात घराघरात पुरुमेंत भरतात, सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कांद्याच्या माळा, मीठ, सगळं उन्हात वाळवून बरणीत. पाऊस सुरू झाल्यावर मिरच्या वाळत घालणारं कोणी मी तरी पाहिलं नाही. पैशांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. सगळं शांत असतं तेव्हा कोण बघतो, आणि मग ८ नोव्हेंबर २०१६ सारखी एखादी रात्र येते, ८ वाजता टीव्हीवर घोषणा होते, चलनातल्या एकूण रकमेच्या जवळजवळ ८६ टक्के नोटा बाद होतात आणि सकाळी सगळा गाव बँकेच्या दारात.

मी डिचोली तालुक्यातली, खाण पट्ट्यातली. त्यामुळे हे मी पेपरात वाचून लिहीत नाहीये. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी पहिल्यांदा थांबल्या, मग परत चालू झाल्या, लोकांना वाटलं आता सुटलो, आणि बाबांनी कर्ज काढून खनिज वाहायचा दुसरा टिपर (ट्रक) घेतला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्चपासून काम बंद. दोन्ही टिपर आंब्याखाली उभे, टायरांवरची लाल माती सुकून पापुद्रे निघालेले, आणि बाबा सोप्यावर बसून वहीत तेच तेच हप्ते परत परत मांडत होते. कोर्टाचा निकाल चूक की बरोबर हा वेगळा विषय, पण घर डळमळीत झालं ते एवढ्यासाठी की मिळकतही खाणीची आणि कर्जही खाणीच्याच भरवशावर.

म्हणून पहिलं काम हे करा. एक वही घ्या, एका बाजूला घरात पैसा कुठून कुठून येतो ते लिहा आणि समोर लिहा की हा पैसा कोणाच्या एका सहीने बंद पडू शकतो. खाण, टुरिझम, गल्फ, बोट, सरकारी कंत्राट, जे असेल ते. सगळ्यांसमोर एकच उत्तर येत असेल तर नवीन कर्ज काढू नका, शो-रूमवाला कितीही गोड बोलला तरी. कर्ज आधीच असेल तर निदान सहा हप्ते वेगळे काढून ठेवा आणि त्यांना चवथीला, म्हणजे गणपतीला पण हात लावू नका. मिळकत थांबलीच तर पहिला हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जा, अर्ज लेखी द्या आणि कॉपीवर पोच घ्या. आम्ही दोन हप्ते चुकल्यावर गेलो, तोवर दंड लागलेला आणि समोरच्याच्या बोलण्याची तऱ्हाही बदललेली.

आता बँक. हे नीट वाचा कारण आमच्या ओळखीतल्या चांगल्या शिकलेल्या लोकांना पण हे माहीत नसतं. एका बँकेत तुमच्या नावावर जे काही आहे, सगळ्या शाखांतलं, सेव्हिंग, एफडी, आरडी, मुद्दल आणि व्याज धरून, त्यातल्या ५ लाखांपर्यंतच विमा आहे, म्हणजे बँक बुडाली तर तेवढेच परत मिळायची हमी. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो फक्त १ लाख होता. म्हणजे म्हापशाच्या शाखेत ४ लाख आणि त्याच बँकेच्या फोंड्याच्या शाखेत ४ लाख ठेवले तर ते ८ लाख धरतात, विमा ५ चाच. दुसऱ्या बँकेत ठेवले तर तिथे परत वेगळे ५ लाख. नवरा-बायकोचं जॉइंट खातं एकट्याच्या खात्यापेक्षा वेगळं मोजतात, त्याचा पण उपयोग करून घ्या. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा मुळीच नाही! ओळखीतल्या एका मावशींनी रिटायरमेंटचा अख्खा पैसा दीड टक्का जास्त व्याजासाठी एका पतसंस्थेत टाकला होता, त्यांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध घातले तर २०२१ च्या कायद्याने विम्याचा पैसा साधारण ९० दिवसांत मिळायला हवा, पण ते ९० दिवस काढायचे कशावर? म्हणून दुसऱ्या बँकेत एक वापरातलं खातं पाहिजेच, आणि घरात महिन्याच्या किराणा-औषधापुरती रोकड, १००-२०० च्या नोटांत. २०१९ मध्ये एका मोठ्या को-ऑपरेटिव्ह बँकेतून सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते हे विसरू नका.

ज्यांचं माणूस गल्फमध्ये आहे त्यांच्यासाठी वेगळं. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला आणि कुवेती दिनारची किंमत बघता बघता गेली, नंतर १९९१ मध्ये कुवेतने नव्या नोटाच काढल्या. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानाने परत आणावे लागले, त्यात आपले गोंयकार पण होते, कित्येक जण एका बॅगेनिशी. आणि त्याचा फटका फक्त त्यांनाच नाही बसला, तेल महागलं, तिकडून येणारा पैसा आटला, आणि १९९१ मध्ये देशाला ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं. तेव्हा तिकडे असलेल्याला सांगा, दर चांगला येईल म्हणून पैसे साठवत बसू नकोस, दर महिन्याला पाठव. पासपोर्ट, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, पगाराची स्लिप, सगळ्याचे फोटो घरच्या फोनमध्ये.

कागदाचं महत्त्व गोव्याला सांगायची खरं तर गरज नाही. १९६१ च्या डिसेंबरात मुक्तीच्या तोंडावर पोर्तुगीज बँकेने लोकांचे गहाण दागिने लिस्बनला नेले आणि ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षं! एवढ्या काळात घर बदलतं, माणसं जातात, सुना येतात, तेव्हा पावती जपणारं घरात कोणीतरी लागतं.

आणि प्रत्यक्ष गडबड सुरू होते तो दिवस. सगळ्यात आधी व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज पुढे पाठवू नका, मग तो सख्ख्या मामाने पाठवलेला असू दे. बँक आपले पैसे पेटीत ठेवत नाही, कर्जाने देते, त्यामुळे सगळे एकाच दिवशी मागायला गेले तर धडधाकट बँक पण अडचणीत येते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक धावले, बहुतेक घरबसल्या, आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या साईटवर प्रसिद्धिपत्रक बघा, तिथे काही नसेल तर एक रात्र थांबा. तुमच्या ठेवी विम्याच्या आत असतील तर थांबणं सोपं जातं, म्हणूनच वरचं सगळं आधी करायचं.

त्याच दिवशी शेजारी पण बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये सरकार पडलं, संसद जळाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या हॉटेलात काम करणारा नेपाळी मुलगा दोन दिवस घरी फोन लावत बसला होता. मालकिणीने त्याला पगार आठवडाभर आधी दिला आणि वायफायचा पासवर्ड दिला, बाकी काही नाही. तेवढ्याने तो जेवला.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे, या रविवारीच करा. ती पहिली वही परत उघडा, प्रत्येक खातं, एफडी, विमा, सोनं कुठे आहे आणि नॉमिनी कोण ते लिहा. बाबांच्या दोन एफडींवर अजून आजीचं नाव होतं, आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. पिन-पासवर्ड मात्र त्यात लिहू नका. वही कुठे ठेवली हे घरातल्या दोघांना सांगा, त्यातलं एक माणूस तरी गोव्यातच राहणारं असू दे.